दोन मिनिटं

सस्कटूनमध्ये उणे एकतीस.
हॉटेलच्या तळघरातली खोली, हीटरची घरघर,
टेबलावर टायमर, रेकॉर्डर आणि एक कार्ड.
माझं काम एवढंच: प्रश्न वाचायचे, छापलेत तसे.
मान डोलवायची नाही. हसलेच तर
सगळ्यांपुढे सारखंच हसायचं.

सकाळपासून अकरा जण होऊन गेले.
त्यातल्या सात जणांची छत्री हरवली होती.
क्लासवाले छत्री शिकवतात.
छत्रीत व्याकरण भिजत नाही.

बारावी चेबेट किप्रोनो. वय बत्तीस,
म्हणजे दर वाढदिवसाच्या केकबरोबर
पाच-सहा गुण सुरीखाली गेलेले.
पदवीचे इतके, अनुभवाचे इतके,
ही बेरीज तिनं रात्रपाळीत
गोळ्यांच्या तक्त्यामागे केलीच असणार. सगळेच करतात.
घोडं अडतं ते जिभेवर.
साडेसहा आणि सात यांच्यात नखाएवढी फट,
आणि तिच्यातून अख्खा संसार आत न्यायचा,
पलंग, पातेली, केन्यातली धाकटी बहीण.

‘हरवलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल सांगा.’
विचाराला एक मिनिट.
पेन्सिल तिनं उचललीच नाही.

वृद्धाश्रमात माझ्याकडे मिस्टर हॅल्वर्सन आहेत, ती म्हणाली,
ब्याण्णव वर्षांचे. झटका येतो
आणि त्यांचं इंग्रजी हरवतं.
सत्तर वर्षं ज्यात गहू विकला, लग्न केलं,
बँकेशी भांडले, ते सगळं.
उरते लहानपणची नॉर्वेजियन,
जी त्यांच्या मुलीलाही येत नाही.
ती रविवारी येते, फुलं ठेवते, फोन बघत बसते.
मग मीही माझं इंग्रजी
बर्फाच्या बुटांसारखं दाराशी काढून ठेवते.
अंघोळ घालताना कालेंजिनमध्ये सांगते,
गाय व्याली, भाऊ नापास झाला, साखर महागली.
ते त्यांच्या भाषेत उत्तर देतात.
कधीकधी आमचं भांडण होतं,
पाणी किती गरम, यावरून.

माझं पेन चाललेलं.
‘झटका आला’ म्हणायचं तिथे ‘येतो’. काळाची चूक.
पुन्हा काळाची चूक.
शब्दसंग्रह बरा. उच्चार कळण्याजोगे.
मध्येच ती थांबली. मी मोजले:
चार सेकंद.
चार सेकंदांना आमच्याकडे अडखळणं म्हणतात.

मग एके सकाळी, ती म्हणाली,
मी पडदा सरकवते, आणि ते

टायमर.

‘थँक यू,’ मी म्हटलं. छापलंय तसंच.
‘आता आपण स्मरणशक्तीविषयी
सर्वसाधारण काही बोलू या.’
तिनं पाठ ताठ केली.
एकीकडे, दुसरीकडे, थोडक्यात सांगायचं तर,
शहाण्या मुलीसारखी सगळी उत्तरं दिली.
एकही काळ चुकला नाही.
मला त्यातलं आता काहीही आठवत नाही.

साडेसहा.
दुसऱ्या कुणी ऐकलं असतं
तरी तेवढेच पडले असते.
माझा तराजू खोटा नाही,
वीस वर्षांत एकही तक्रार नाही.
फक्त, रकाना भरताना उगीच वाटलं,
हॅल्वर्सनना या खुर्चीत बसवलं तर शून्य.
पण त्यांना जा म्हणणारं कुणी नाही.
आणि त्यांना उठवून बसवणारी
एप्रिलपर्यंतच्या परवान्यावर आहे.

पार्किंगमध्ये गाडीच्या इंजिनाची वायर काढली,
काचेवरचं बर्फ खरवडलं.
तिचं वाक्य तोंडात घोळतंय.
मी ते पुरं करून पाहिलं:
आणि ते गेलेले असतात.
आणि ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात.
आणि ते तिला आईच्या नावानं हाक मारतात.
एकही धड बसेना.
तिला विचारायची मला मुभा नाही,
रस्त्यात भेटली तरी नाही.

ती वर्तमानकाळात सांगत होती,
मी चूक धरली.
चूक नसेलही ती.
पडदा अजून तिच्या हातात असेल,
बाहेर हेच पांढरं, उणे एकतीस,

आणि ते